'कायम' या शब्दाची किंमत



व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. आम्ही विषय बदलून मागितला आणि तो त्यांनी दिला, याबद्दल त्यांचे आभार मानतो. आजचा विषय आहे सातारचे राज्य खालसा कसे झाले हा. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या पाळ्या सांभाळून, नगरवाचनालयाच्या बाकावर बसून झाले. तेव्हा मोडी कागद वाचून आम्ही काही नवा शोध लावला आहे, असे कोणी समजू नये. परंतु एका कामाचा सराव आम्हांला तीस वर्षांचा आहे. ते काम म्हणजे करार वाचणे. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत जेथे जेथे युनियन आहे तेथे आम्हांला हेच काम करावे लागले. कलम काय आहे, ते कोणी लिहिले, त्यात कोणता शब्द पुढच्या दाराने आत आला आणि कोणता मागच्या दाराने, आणि करार मोडला गेला तर दाद कोणाकडे मागायची, एवढे प्रश्न विचारायला आम्ही शिकलो. सातारच्या राज्याची हकीकत आम्ही याच दृष्टीने वाचली, आणि ती तशीच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

प्रथम 'खालसा' या शब्दाविषयी. आपल्या खेड्यापाड्यांतून हा शब्द अजून जिवंत आहे. इनाम खालसा झाले, वतन खालसा झाले, असे म्हातारी माणसे म्हणतात. अर्थ एवढाच की, मधला धनी गेला आणि जमीन थेट सरकारात जमा झाली. शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. त्यात रक्त नाही, तोफ नाही. दुसऱ्याचा मुलूख घेण्याच्या रीती जगात पुष्कळ आहेत. आपल्या मुंबईची बेटे १६६१ सालच्या एका लग्नाच्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीला देऊन टाकली. बेटावरच्या कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना आपला धनी बदलला हे मागाहून कळले असेल. काही मुलूख तोफेने घेतले गेले. सातारचे राज्य मात्र लेखणीने घेतले गेले. ३० वर्षांपूर्वी जो कागद ते देण्यासाठी लिहिला होता, त्याच कागदाचा अर्थ बदलून ते काढून घेतले.

तो कागद कोणता ते पाहू. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी सातारचा किल्ला घेतला. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांबरोबर असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. छत्रपतींचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. कंपनीने त्यांना कैदेत टाकले नाही. उलट साताऱ्याच्या गादीवर बसवले. हे औदार्य होते असे काही इंग्रज लेखकांनी लिहिले आहे. औदार्य असेलही, पण त्यामागे हिशेबही होता. पेशवा अजून पळत होता. मराठा सरदारांना आणि गडकऱ्यांना त्याच्यापासून तोडायचे, तर 'तुमचे खरे धनी आमच्याकडे सुखरूप आहेत' असे दाखवणे भाग होते. एल्फिन्स्टन हे धोरणी गृहस्थ होते, त्यांनी ते बरोबर ओळखले.

पुढे २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. वारणा-कृष्णेपासून नीरा-भीमेपर्यंत, पश्चिमेस सह्याद्री आणि पूर्वेस पंढरपूर-विजापूर, एवढा मुलूख छत्रपतींना, त्यांच्या वारसांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांना कायमच्या राज्याधिकाराने दिला, असे पहिल्याच कलमात लिहिले. 'कायम' हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या कामगारांत या शब्दाला फार मोल आहे. बदली कामगार, कंत्राटी कामगार, रोजंदारीचा कामगार हे सगळे आयुष्याची उमेदीची वर्षे या एका शब्दासाठी झिजवतात. पण ज्याने नेमणुकीचा कागद नीट वाचला आहे, त्याला माहीत असते की, 'कायम' या शब्दाच्या खाली आणखी कलमे असतात. येथेही होती. दुसऱ्या कलमाने छत्रपतींनी कंपनी सरकारच्या अधीन राहून, त्याच्या प्रतिनिधीच्या सल्ल्याने चालायचे होते. पाचव्या कलमाने त्यांनी आपल्या हुकमतीबाहेरच्या कोणाही राजाशी, सरदाराशी किंवा माणसाशी परस्पर संबंध ठेवायचा नव्हता. ठेवला तर तहाने मिळालेल्या साऱ्या लाभांना मुकायचे होते.

या पाचव्या कलमाचा नीट विचार करा. पत्र पाठवणे हासुद्धा येथे गुन्हा आहे. लग्नाची सोयरीक जुळवायची तरी दुसऱ्या दरबाराशी बोलावे लागते. असे कलम पाळणे माणसाला अशक्य असते आणि मोडल्याचा आरोप करणे सोपे असते. ज्याला केव्हातरी काढायचे आहे, त्याच्यासाठी असे एखादे कलम राखून ठेवलेले असते. आम्ही वेतनकरारांतही ते पाहिले आहे.

प्रतापसिंह महाराजांनी राज्य कसे चालवले? पहिली काही वर्षे सगळा कारभार कॅप्टन ग्रँट यांच्याकडे होता. हेच मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ. १८२२ साली पूर्ण अधिकार महाराजांच्या हाती आले. त्यांनी साताऱ्यात रस्ते केले, शहरात पाणी आणले, पाठशाळा काढली, छापखाना घातला. साताऱ्याहून महाबळेश्वरला जाणारा रस्ता त्यांनी करवला. महाबळेश्वरचे हवेचे ठिकाण त्यांनी कंपनीला दिले आणि बदल्यात वाई तालुक्यातले खंडाळे घेतले. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कमपेठ वसली. कारभार इतका नीट होता की, लंडनच्या कंपनीच्या संचालकांनी १८३५ साली महाराजांची स्तुती करणारे पत्र आणि एक रत्नजडित तलवार पाठवली. आता गंमत पाहा. ती तलवार मुंबईपर्यंत आली. महाराजांच्या हाती कधी पडली नाही. मुंबई सरकारने ती अडवून ठेवली.

का अडवली? कारण तोपर्यंत भांडण सुरू झाले होते, आणि भांडणाचे मूळ पैशाच्या आणि हक्काच्या प्रश्नात होते. औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा हे छत्रपतींचे जहागीरदार. यांपैकी एखादा निपुत्रिक वारला तर त्याची जहागीर कोणाकडे जावी? महाराज म्हणत, आमच्याकडे. मुंबई सरकारला ते नको होते. प्रश्न लंडनला गेला. संचालकांचे मत महाराजांच्या बाजूचे पडले. पण तेही मुंबईत दाबून ठेवले गेले. महाराज विचारत राहिले, उत्तर येईना. मग त्यांनी थेट लंडनला वकील पाठवण्याचे मनात आणले. आमच्या अनुभवाने सांगतो, साहेबाला कामगाराची मागणी एक वेळ सहन होते. त्याच्या डोक्यावरून वर अर्ज गेलेला सहन होत नाही.

१८३६ साली महाराजांवर आरोप आले. कंपनीच्या २३ व्या पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवण्याचा प्रयत्न केला. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधले. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले जोधपुरास होते, त्यांच्याशी कट केला. चौकशीला तिघे बसले: रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचे सेक्रेटरी विलोबी, आणि ऑव्हान्स. साक्षी बंद दाराआड झाल्या. महाराजांना आरोपांचा आणि पुराव्याचा कागद हाती मिळाला नाही, साक्षीदारांची उलटतपासणी करता आली नाही. पुढच्या वर्षी लॉडविक यांची बदली होऊन ऑव्हान्स हेच रेसिडेंट झाले. चौकशी करणाराच उरावर येऊन बसला.

या तिघांचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. महाबळेश्वरला लॉडविक पॉइंट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो ज्यांच्या नावाचा, ते हेच लॉडविक. निवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर त्यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांची बाजू घेतली. चौकशीत स्वतः बसलेला माणूस सांगतो की, अन्याय झाला. आणि दुसरे, विलोबी, ते पुढे मुंबई कौन्सिलचे सभासद झाले. त्यांची गाठ आपल्याला १८४८ साली पुन्हा पडणार आहे.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. त्याचा मतलब असा की, माझ्या हातून तहाचा भंग झाला हे मान्य करा. सही करा, सरकार झाले गेले विसरून जाईल, राज्य तुमचेच राहील. महाराजांनी सही केली नाही. जो गुन्हा आपण केला नाही तो कबूल करून राज्य राखायचे नाही, असे त्यांनी ठरवले. ५ सप्टेंबर १८३९ च्या रात्री फौजेने वाड्याला वेढा घातला आणि महाराजांना पालखीत घालून बाहेर काढले. पुढे त्यांची रवानगी काशीस झाली आणि १४ ऑक्टोबर १८४७ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. सातारा त्यांना पुन्हा दिसला नाही.

बंधूंनो, या एका सहीविषयी थोडे बोलल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या एका सभासदावर माल चोरल्याचा आरोप आला. कोणता कारखाना हे सांगण्याचे कारण नाही. त्याला आरोपपत्र दिले नाही. चार दिवस फाटकाबाहेर उभे केले आणि पाचव्या दिवशी सांगितले, माफीनामा लिहून दे, उद्यापासून कामावर ये. घरी आजारी आई, दोन मुली, वाण्याची उधारी. बायको म्हणाली, लिहून द्या एकदाचे. त्याने लिहून दिले नाही. आम्ही आठ महिने भांडलो आणि तो कामावर परत गेला. तो आम्हांला म्हणाला, "साहेब, पगार महिन्याने संपतो, लिहिलेला कागद संपत नाही." या माणसाने प्रतापसिंह महाराजांचे नावही कदाचित ऐकले नसेल. पण वाड्यातला राजा आणि फाटकावरचा कामगार या एका जागी सारखेच उभे राहतात. आरोप करणाऱ्याला पुरावा सापडला नाही की त्याला कबुली हवी असते.

आता दुसरा अंक. महाराजांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी, म्हणजे आप्पासाहेब, यांना कंपनीनेच गादीवर बसवले. हे तर कंपनीचेच निवडलेले. त्यांनी कंपनीला काडीची तक्रार करू दिली नाही. वेण्णा आणि उरमोडी नद्यांवर पूल बांधले. सतीची चाल बंद केली. १८४४ साली कोल्हापुराकडे गडकऱ्यांचे बंड झाले, तेव्हा इंग्रजांच्या मदतीला फौज पाठवली. जो भांडला त्याचे राज्य गेले, असे म्हणून आपल्याकडची शहाणी माणसे प्रतापसिंहांना दोष देत असतील. तर न भांडणाऱ्याचे काय झाले ते पाहा.

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज वारले. पोटी पुत्र नव्हता. मरणापूर्वी काही तास त्यांनी व्यंकोजी नावाचा भोसले कुळातला मुलगा यथाविधि दत्तक घेतला. इंग्रज डॉक्टर त्या वेळी हजर होते. रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांनी दत्तक झाल्याचे वर कळवले. राज्य बुडवणे त्यांना स्वतःला पटत नव्हते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी स्पष्ट लिहिले की, तहात 'वारस' हा शब्द आहे आणि हिंदूंच्या शास्त्राप्रमाणे दत्तक हा वारस आहे. दत्तक मान्य केलाच पाहिजे. कौन्सिलच्या सभासदांनी मात्र विरुद्ध मत दिले, आणि त्यांत आघाडीला होते तेच विलोबी. १८३६ साली ज्यांनी चौकशी केली, त्यांनी १८४८ साली निवाड्याला मत दिले. क्लार्क निवृत्त झाले, त्यांच्या जागी लॉर्ड फॉकलंड आले आणि पारडे फिरले. ३० ऑगस्ट १८४८ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी आपला निर्णय लिहिला. २४ जानेवारी १८४९ च्या पत्राने लंडनच्या संचालकांनी तो मंजूर केला. हेन्री टकर यांच्यासारख्या काही संचालकांनी लेखी विरोध नोंदवला. पण बहुमत बहुमत असते. सातारचे राज्य खालसा झाले.

डलहौसींचा युक्तिवाद काय होता? दत्तक मुलगा खाजगी मालमत्तेचा वारस होईल. राज्याचा वारस व्हायला सार्वभौम सरकारची संमती लागते. सातारचे राज्य आम्हीच निर्माण केलेले, म्हणून संमती देणे न देणे आमची मर्जी. हा कायद्याचा भाग. याच कागदात दुसरी कारणेही आहेत आणि ती अधिक प्रामाणिक आहेत. हा मुलूख मुंबई इलाख्याच्या दोन मोठ्या लष्करी ठाण्यांच्या मध्ये पडतो. जमीन सुपीक आहे, वसूल चांगला आहे. आणि लोकांना गेली काही वर्षे शिस्तीच्या कारभाराची सवय झालेली आहे, म्हणून ते नव्या अमलाखाली सहज येतील. दोघा भावांनी राज्य चांगले चालवले, तेच राज्य घेण्याचे एक कारण ठरले. कामगाराने यंत्र नीट चालू ठेवावे आणि मालकाने म्हणावे, यंत्र आता आपोआप चालते, तुझी गरज नाही. तसला हा न्याय.

हा खरोखर कायदा होता की सोय होती, याची परीक्षा आपण आपल्याच जिल्ह्यांत करू शकतो. लांब जायला नको.

पहिली परीक्षा. याच कंपनीने शिंद्यांचा दत्तक १८२७ साली मान्य केला होता आणि १८४३ साली पुन्हा मान्य केला होता. पाच वर्षांत हिंदूंचे धर्मशास्त्र बदलले नव्हते.

दुसरी परीक्षा. सातारची गादी गेली, पण तिचे चाकर राहिले. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट ही संस्थाने छत्रपतींच्या जहागिरी होती. धनी १८४९ साली नाहीसा झाला आणि जहागीरदार १९४८ पर्यंत संस्थानिक म्हणून नांदले. त्यांच्याविषयी आमचा आकस नाही. औंधच्या राजांनी पुढे प्रजेच्या हाती कारभार दिला, ही मोठीच गोष्ट. पण तत्त्व पाहिले तर झाड तोडून फांद्या हवेत ठेवण्याचा हा प्रकार आहे.

तिसरी परीक्षा पटवर्धनांच्या मुलखातली. चिंचणीची शाखा १८३६ साली वारस नाही म्हणून बुडाली. तासगावची शाखा त्याच कारणाने १८४८ साली बुडाली, म्हणजे साताऱ्याच्याच वर्षी. आता सांगली पाहा. १९०१ साली सांगलीचे राजे तात्यासाहेब निपुत्रिक वारले. प्रसंग हुबेहूब शहाजी महाराजांचा. पण या वेळी इंग्रज सरकारनेच पटवर्धन घराण्यातला मुलगा पसंत केला, १९०३ साली दत्तक झाले, आणि तेच पुढे चिंतामणराव अप्पासाहेब म्हणून गादीवर बसले. मधल्या काळात काय झाले होते? १८५७ झाले होते. राज्ये बुडवण्याने आग लागते हे सरकारला कळले, आणि १८६२ साली लॉर्ड कॅनिंग यांनी दत्तकाच्या सनदा वाटल्या. तासगाव आणि सांगली यांत अंतर पाच-सहा कोसांचे. एकच कुळ, एकच शास्त्र, एकच नदीकाठ, निवाडे दोन. तेव्हा ज्याला कायदा म्हटले जात होते, ती सरकारची त्या त्या वेळची गरज होती.

ही रीत केवळ आपल्याकडचीच होती असेही नाही. पॅसिफिक महासागरात, कोणत्याही खंडापासून हजारो मैल दूर, हवाई बेटे आहेत. तेथे स्वतंत्र राज्य होते, तह केलेले, परदेशांनी मान्य केलेले. तेथे उसाचे मळे उभे राहिले; मळेवाले बहुतेक अमेरिकन वंशाचे. १८८७ साली त्यांनी बंदुकीच्या धाकाने राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही घेतली. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले; अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक तेव्हा किनाऱ्यावर उतरलेले होते. अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी हा अन्याय असल्याचे मान्य केले, पण राणीला गादी परत मिळाली नाही. १८९७ साली एकवीस हजारांहून अधिक हवाईयन स्त्रीपुरुषांनी विलीनीकरणाविरुद्ध सह्या करून अर्ज अमेरिकेला पाठवला. त्या अर्जामुळे विलीनीकरणाचा तह सिनेटात अडला. तह मंजूर होईना, तेव्हा १८९८ साली साध्या ठरावाने बेटे जोडून घेतली. शंभर वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकन काँग्रेसने ठराव करून माफी मागितली. राज्य परत दिले नाही. त्याच बेटांवर १९४६ साली जपानी, फिलिपिनो आणि इतर वंशांच्या ऊसकामगारांनी एका युनियनखाली ७९ दिवस संप केला. पूर्वी वंशावंशांत फोडून त्यांचे संप मोडले जात. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपलेही दोन्ही जिल्हे उसाचे आहेत.

आता रंगो बापूजींविषयी. रोहिडखोऱ्यातल्या दादाजी नरसप्रभूंच्या वंशातले हे गुप्ते. प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून ते विलायतेस गेले आणि तेरा-चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. परकी भाषा, परका मुलूख, हाती पैसा नाही. भागधारकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांच्या दारात, छापील पत्रके घेऊन ते उभे राहिले. जॉर्ज थॉम्पसन, जोसेफ ह्यूम, जॉन सलिव्हन असे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले, हेही विसरता कामा नये; माणूस कोणत्या जातीचा यावरून न्यायाची चाड ठरत नाही. ज्यांच्यासाठी ते गेले ते महाराज काशीत वारले, तरी हे थांबले नाहीत. ज्या राज्यासाठी गेले ते राज्यच नकाशावरून गेले, तरी थांबले नाहीत. अखेर रिकाम्या हाताने परत आले. अर्ज, विनंत्या, अपिले, सगळ्या पायऱ्या त्यांनी चढून पाहिल्या होत्या. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा बेत झाला त्यात ते होते. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. कोणाला फाशी दिले, कोणाला गोळ्या घातल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले. त्या सतरांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. राजघराण्यातल्या माणसांना त्याच ऑगस्टात उचलून मुंबई बंदरातल्या बुचर बेटावर ठेवले होते. सह्याद्रीच्या छत्रपतींचे घराणे समुद्रातल्या एका खडकावर नजरकैदेत! राज्य लेखणीने घेतले होते. ते राखायला शेवटी तोफच लागली.

कोणी म्हणेल, तुम्ही कामगार माणसे. राजे गेले त्याचे सुतक तुम्हांला कशाला? प्रश्न योग्य आहे. आम्ही राजेशाहीचे भक्त नाही. कोणाच्या पोटी जन्मला म्हणून कोणी कोणावर राज्य करावे, हे आम्हांला मान्य नाही. प्रतापसिंहांच्या राज्यातही वेठबिगार करणारा होता आणि वेठ घेणारा होता. पण गादी गेली तेव्हा एकटा राजा गेला नाही. वाड्यावरचे कारकून, शिलेदार, कारागीर, दरबारावर पोट असलेली हजारो घरे उघडी पडली. मागोमाग इनाम कमिशन आले आणि त्याने दक्षिणेत इनामदारांना कागद दाखवायला लावून हजारो इनामे सरकारजमा केली. ज्याच्याकडे कागद नाही त्याची जमीन गेली. पूर्वी रयतेला निदान साताऱ्यापर्यंत चालत जाऊन गाऱ्हाणे सांगता येई. आता गाऱ्हाण्याचे ठिकाण लंडनला गेले. तेथे रंगो बापूजींचे काय झाले ते आपण पाहिलेच.

आणि या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट कोठेच आढळत नाही. डलहौसींच्या कागदात नाही, क्लार्क यांच्या कागदात नाही, महाराजांच्या बाजूच्या वकिलांच्या पत्रकांतही फारशी नाही. ती म्हणजे सातारच्या रयतेला काय हवे होते हा प्रश्न. वारस कोण यावर रीमच्या रीम कागद खर्ची पडले. नांगरणाऱ्याला कोणी विचारले नाही. राज्यात रयतेचा वाटा नव्हता, म्हणून राज्य गेले तेव्हा तिला मोजण्याचे कारण कोणाला पडले नाही. आमच्या मते सातारच्या राज्याचे खरे दुबळेपण येथे होते. तहाची हमी देणारा आणि तह मोडणारा एकच, आणि त्याला जाब विचारणारी संघटित शक्ती कोणतीच नाही, अशा ठिकाणी 'कायम' हा शब्द कितीही सुंदर अक्षरांत लिहिला तरी त्याची किंमत शाईएवढीच.

याच मातीत शंभर वर्षांनी याचे उत्तर मिळाले. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. त्याच्या न्यायाविषयी मतभेद असू शकतील, पण शेतकरी आणि मजूर त्यात स्वतःच्या पायावर उभे होते. १९४७ साली दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी संयुक्त संस्थानाचा घाट घातला. प्रजापरिषदांना तो पुरेसा वाटला नाही, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला; १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. राज्ये १८४९ सालीही गेली आणि १९४८ सालीही गेली. पण १८४९ साली लोक मुके होते. १९४८ साली लोकांनी सभा भरवून, ठराव करून, तुरुंगात जाऊन आपले म्हणणे आधी सांगितले होते. म्हणून पहिल्याला खालसा म्हणतात आणि दुसऱ्याला विलीनीकरण. दोन्हींत राजा गेला, हे खरे. फरक विचारले कोणाला याचा आहे.

ही परीक्षा आजही लागू आहे. धरणासाठी गाव उठवायचे असते, कारखाना एका हातातून दुसऱ्या हातात जायचा असतो, गिरणीची जमीन विकायची असते, सहकारी संस्था कोणाच्या तरी घशात जायची असते. प्रत्येक वेळी कागद असतो, कलम असते, आणि कलमाचा अर्थ सांगणारा विद्वान असतो. त्या वेळी तरुण मित्रांनी तीन प्रश्न विचारावेत. ज्यांचे पोट यावर आहे त्यांना विचारले का? चौकशी करणारा आणि निवाडा देणारा वेगळे आहेत का? आणि करार मोडला तर दाद मागायला आपल्याजवळ काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कोर्ट' एवढेच देऊ नका. रंगो बापूजींजवळ तह होता, शास्त्र होते, न्याय होता, मोठमोठे साक्षीदार होते. नव्हती ती पाठीमागे संघटित माणसे. ती असती तर निकाल वेगळा लागला असता, असे आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. पण लंडनच्या संचालकांना सही करताना दोनदा विचार करावा लागला असता, एवढे निश्चित.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी आपला हा इतिहास वीररसासाठी पुष्कळ वाचला आहे. तो आता करार वाचावा तसा, कलमाकलमाने, हातात पेन्सील घेऊन वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.